क्रोमावर शूट करताय? आधी मागचं दृश्य ठरवा

क्रोमा म्हणजे हिरव्या कापडासमोर माणूस शूट करायचा आणि नंतर ते हिरवं काढून त्या जागी दुसरं दृश्य बसवायचं. हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा एडिटिंगला बसायच्या आधीच. हिरवं कापड बांधलंय, माणूस उभा आहे, कॅमेरा चालू आहे, एवढ्यावर लोक निर्धास्त होतात आणि म्हणतात, "मागचं काय ते नंतर टाकू." मग ते फुटेज माझ्याकडं येतं. चेहऱ्यावर ऊन उजवीकडून आणि मागच्या डोंगरावर डावीकडून. माणूस कमरेच्या उंचीवरून घेतलेला आणि मागचा देखावा कुणाच्या तरी गच्चीवरून. अशा वेळी सॉफ्टवेअर कितीही भारी असू दे, माणूस चिकटवल्यासारखाच दिसतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत क्रोमा शिकायला पोरं-पोरी येतात, त्यांना मी पहिल्यांदा एवढंच विचारते: मागं काय दिसणार आहे? त्याचं उत्तर क्लिपच्या रूपात हातात असल्याशिवाय कापडाची घडी मोडायची नाही.

पोवाडा, भक्तिगीत, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटुकलं, यूट्यूबवरचा इतिहासाचा कार्यक्रम असली कामं लहान जागेत आणि मोबाईलवर किंवा साध्या कॅमेऱ्यावर करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. उदाहरण म्हणून एक पोवाडा घेते. शाहीर आणि त्यांचे झीलकरी खोलीत गाणार आणि मागं पन्हाळा दिसणार, असं ते काम होतं.

हिरवं जातं कसं

व्हिडिओतल्या प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान. बरा उजेड पडलेल्या हिरव्या कापडाचा एक ठिपका घ्या. लाल ६०, हिरवा १८०, निळा ७०. आता हिरव्यातून बाकीच्या दोघांपैकी जो मोठा तो वजा करा. १८० मधून ७० गेले, राहिले ११०. आता गालावरचा ठिपका घ्या. लाल २००, हिरवा १५०, निळा १२५. हिरव्यातून लाल वजा केला तर उत्तर शून्याच्याही खाली जातं. आपली कातडी गोरी असो, सावळी असो की काळी, तिच्यात लाल रंग हिरव्याच्या वरच असतो. म्हणून ज्या ठिपक्याची वजाबाकी ११० च्या आसपास येते तो पूर्ण पारदर्शक करायचा आणि जिथं शून्य किंवा त्याखाली येते तो पूर्ण ठेवायचा. क्रोमाचा पाया एवढाच.

खरी गंमत कडेला आहे. केसाच्या टोकाला एक ठिपका अर्धा केसावर आणि अर्धा कापडावर पडतो. केसाचे आकडे ४०, ३०, २५ धरले, तर त्या मिसळलेल्या ठिपक्यात लाल ५०, हिरवा १०५ आणि निळा साधारण ४८ येतो. वजाबाकी ५५, म्हणजे बरोबर ११० च्या निम्मी. सॉफ्टवेअर तो ठिपका निम्मा पारदर्शक करतं आणि केसामागचा डोंगर निम्मा दिसायला लागतो. चांगला क्रोमा ओळखायचा तो इथंच. ठिपका एकतर ठेवायचा नाहीतर काढायचा, एवढेच दोन पर्याय असते तर केस कात्रीनं कापल्यासारखे दिसले असते.

आता तो निम्मा ठिपका अजून हिरवट आहे. म्हणून दुसरा हिशेब करतात: हिरव्याला लाल आणि निळ्याच्या सरासरीच्या वर जाऊ द्यायचं नाही. ५० आणि ४८ ची सरासरी ४९, म्हणून १०५ चा हिरवा ४९ वर आणला की केस परत केसाच्या रंगाचा दिसतो. याला डिस्पिल म्हणतात. हा हिशेब डोक्यात असला की सॉफ्टवेअरमधला कुठला स्लायडर काय करतो ते कुणी सांगावं लागत नाही.

हिरवाच रंग का? बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार खणांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली ही रचना. त्यामुळं हिरव्याची माहिती सगळ्यात जास्त आणि स्वच्छ मिळते. शिवाय एचडी व्हिडिओत उजेडाचा हिशेब करताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो, म्हणून हिरव्याला कमी दिव्यांत भागतं. फिल्मच्या काळात मात्र निळ्याचं राज्य होतं. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'साठी लॅरी बटलर यांनी निळा पडदा वापरला आणि ऑस्कर मिळवलं. पुढं पेट्रो व्लाहोस यांनी रंगांच्या फरकावर चालणारी पद्धत बसवली, ती १९५९ च्या 'बेन-हर'मध्ये वापरली गेली. वर केलेली वजाबाकी त्याच घराण्यातली. त्यांच्याकडं संगणक नव्हता, तो हिशेब ते फिल्मवर फिल्म छापून करत होते.

कोल्हापुरात हा विषय शिकवताना मला आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्याच हातांनी पुढं कॅमेऱ्याची खटपट सुरू केली आणि बाबूरावांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. रंगवलेल्या महालासमोर नट उभा करायचा तर महालाची क्षितिजरेषा आणि उजेडाची बाजू नटाशी जुळायला लागते, हे पडदा रंगवणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. आपल्याला तेच करायचंय, फक्त आपला पडदा नंतर भरतो.

पन्हाळा आधी, शाहीर नंतर

मागच्या दृश्याच्या क्लिपला प्लेट म्हणतात. इंटरनेटवरून उचललेला फोटो प्लेट म्हणून घेऊ नका. हक्काचा प्रश्न आहेच, पण तो फोटो कुठल्या लेन्सनं, किती उंचीवरून काढला ते तुम्हाला कळत नाही आणि त्यातलं गवत हलत नाही. पन्हाळा कोल्हापुरापासून वीस किलोमीटरवर आहे. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला घरी. जाण्याआधी परवानगीचं बघा, कारण गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि ट्रायपॉड लावून शूट करायचं तर विचारूनच करावं.

आम्ही सज्जाकोठीच्या बाजूला, दरी मागं येईल अशी जागा धरली. तीन दरवाजाची कमान जास्त देखणी आहे, पण तिथं माणसांची ये-जा थांबत नाही, आणि कमान जवळ असल्यामुळं तिचे दगड आणि समोरचा माणूस यांचं माप चुकलं तर लगेच डोळ्यात येतं. दूरची दरी पुष्कळ काही पोटात घालते. पहिल्या कामाला लांबचं दृश्यच घ्या.

तिथं काय केलं ते नीट सांगते, कारण सगळं काम यावर उभं आहे. ट्रायपॉड लावला आणि टेपनं जमिनीपासून लेन्सपर्यंतची उंची मोजली: साडेचार फूट. कॅमेरा ना वर झुकलेला ना खाली, लेव्हलचा बुडबुडा मधोमध. लेन्स ३५ मिलिमीटर. मग माझ्या भाच्याला पांढरा शर्ट घालून कॅमेऱ्यापासून नऊ फुटांवर उभं केलं, जिथं पुढं शाहीर दिसणार होते तिथं. त्याचा अर्धा मिनिट घेतला: सरळ बघ, डावीकडं वळ, हात वर कर. पांढऱ्या शर्टावर ऊन कुठून येतंय, सावलीची बाजू किती काळी आहे, आभाळाचा निळेपणा खांद्यावर किती उतरलाय, हे सगळं स्वच्छ वाचता येतं. नाकाची सावली कुठल्या गालावर आणि किती लांब पडली तेही. मग तो बाजूला झाला आणि रिकामी जागा सलग पाच मिनिटं घेतली, म्हणजे पोवाड्याचा एक चौक गाऊन होईपर्यंत प्लेट पुरते आणि गवत, ढग मधेच उडी मारत नाहीत. वहीत लिहिलं: उंची, लेन्स, अंतर, वेळ, सूर्य डावीकडं, थोडा पाठीमागं.

पांढऱ्या शर्टातला भाचा शेवटच्या व्हिडिओत कुठंच नाही. पण खोलीत दिवे लावताना त्याचाच फोटो समोर ठेवून लावले. मला विचाराल तर क्रोमाच्या कामातला सगळ्यात मोलाचा अर्धा मिनिट तोच.

साडेचार फुटांचा आणखी एक उपयोग आहे. कॅमेरा सरळ असेल तर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. म्हणजे सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या साडेपाच फुटी माणसाला क्षितिजरेषा छातीच्या वरच्या भागात छेदणार, तो नऊ फुटांवर असो की पन्नास. एडिटिंगमध्ये शाहिरांना लहान-मोठं करून बसवताना हीच रेषा धरायची. क्षितिज गुडघ्याजवळ आलं की माणूस राक्षस वाटतो, कपाळाच्या वर गेलं की खड्ड्यात उतरल्यासारखा.

पावसाळ्यात प्लेट घ्यायची तर त्याचा वेगळा फायदा आहे. ढगाळ उजेड चहूबाजूंनी सारखा येतो, सावली नसते, मग खोलीतलं लायटिंग सोपं जातं. फक्त पन्हाळ्यावरचं धुकं दहा मिनिटांत उतरतं आणि सगळी दरी पुसून टाकतं. थांबायची तयारी ठेवा.

कापड

महागडा तयार पडदा आणायची गरज नाही. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला घाऊक कापडाच्या पेठेत जा. मोठ्या पन्ह्याचं कापड मागा, पडद्याला जितके कमी जोड तितकं बरं. चकाकणारं सॅटिन, क्रेप नको. दुकानाबाहेर उजेडात कापड धरा आणि तिरकं करून बघा. घडीवर पांढरी चमक उठली तर ठेवून द्या. जाड पॉपलीन किंवा मॅट पॉलिएस्टर चालतं. कापडातून पलीकडची बोटं दिसत असतील तर मागून उजेड झिरपणार, तेही नको. रंग पोपटी आणि झेंड्याच्या हिरव्याच्या मधला, स्वच्छ हिरवा. बाटलीचा गडद हिरवा किंवा मेंदी रंग अजिबात नाही, कारण त्यात वजाबाकी ११० पर्यंत पोचतच नाही.

घरी आणल्यावर शिंप्याकडून वरच्या कडेला नेफा शिवून घ्या, त्यातून लक्ष्मीपुरीत मिळणारा साधा पाइप जातो. खालच्या कडेलाही नेफा करून दुसरा पाइप घातला की त्याच्या वजनानं कापड ताणून राहतं. बाजूला मोठे चिमटे. वाफेची इस्त्री फिरवल्याशिवाय शूट सुरू करायचं नाही. एका सुरकुतीच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते, म्हणजे सॉफ्टवेअरला एकाऐवजी दोन हिरवे दिसतात.

कायमची जागा असेल तर भिंतीला मॅट रंग द्या. पण आधी कापडावर हात बसू दे.

दिवे: कापडाचे वेगळे, माणसाचे वेगळे

दोन वेगळी कामं आहेत आणि ती एका दिव्यात होत नाहीत. कापडावर सगळीकडं सारखा, सपाट उजेड पाहिजे. माणसावर पन्हाळ्याचा उजेड पाहिजे, आणि तो सपाट नसतो.

कापडासाठी दोन सारखे एलईडी दिवे, डावी-उजवीकडून, साधारण ४५ अंशांत. ते कापडाला चिकटवून ठेवू नका. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून जवळ ठेवलेल्या दिव्यासमोर एक लख्ख गोल पडतो आणि मधला भाग अंधारात राहतो. मागं सरकवा, समोर बटर पेपर लावा. मग कॅमेऱ्यानं रिकाम्या कापडाचा फोटो घ्या आणि एडिटिंगच्या अ‍ॅपमधल्या रंग उचलणाऱ्या ड्रॉपरनं चार कोपरे आणि मध्य तपासा. पाचही ठिकाणचा हिरवा आकडा दहा-पंधराच्या फरकात आला की पुढं जा. तपासायला दोन मिनिटं लागतात आणि टेबलावरची रात्र वाचते.

कापडावरचा उजेड माणसावरच्या मुख्य उजेडापेक्षा थोडा कमीच ठेवा, अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). जास्त उजेड म्हणजे जास्त चांगला क्रोमा हा समज पक्का रुजलाय. प्रत्यक्षात लख्ख कापड दिव्यासारखंच वागतं. त्याचा हिरवा उजेड माणसाच्या मानेवर, कानामागं, पांढऱ्या अंगरख्याच्या कडांवर पसरतो. यालाच स्पिल म्हणतात.

स्पिलवर खरा उपाय अंतराचा. शाहीर कापडापासून सहा-आठ फूट पुढं पाहिजेत. त्यांना स्वाभाविकच कापडाला धरून उभं राहायचं होतं.

"शाहीर, चार पावलं पुढं या."

"ताई, एवढं पुढं आलो तर मागं पन्हाळा दिसंल न्हवं?"

"पन्हाळा कापडावर नाही, माझ्याकडं आहे. तुम्ही या पुढं."

दहा बाय बाराच्या खोलीत एवढं अंतर मिळत नाही अशी तक्रार असते. कॅमेरा दाराबाहेर न्या, पॅसेजमध्ये. फ्रेम कमरेपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंतच ठेवा. कापड फक्त माणसाच्या मागं जेवढं दिसतं तेवढंच उघडं राहू दे, बाकीच्या हिरव्यावर काळं कापड टाका. फ्रेमच्या बाहेर राहिलेलं हिरवं कापड काही उपयोगाचं नसतं, पण स्पिल मात्र तेही टाकतं.

आता माणसाचे दिवे. भाच्याचा फोटो लॅपटॉपवर लावून शेजारी ठेवला. सूर्य डावीकडून थोडा पाठीमागून होता, म्हणून उबदार रंगाचा एक कडक दिवा तिथंच, उंचावर. नाकाची सावली फोटोतल्याइतकी लांब होईपर्यंत स्टँड वर-खाली केला. आभाळाचा उजेड म्हणून उजवीकडून थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा, त्यावर थंड रंगाचा मंद दिवा. एवढंच. चेहरा सगळीकडून उजळून काढायची सवय लग्नाच्या शूटिंगमधून आलेली असते, ती इथं सोडावी लागते. उन्हात उभ्या माणसाचा एक गाल सावलीत असतोच.

पाय दाखवायचे असतील तर काम एकदम दुप्पट होतं. जमीनही हिरवी पाहिजे, भिंत आणि जमीन यांच्यात कोपरा न करता कापड गोलाईनं खाली आणावं लागतं, आणि पायाजवळची सावली जपावी लागते. त्यापेक्षा पायाखाली ताडपत्री टाकून खरी लाल माती पसरा, चार दगड, थोडं वाळलं गवत. पन्हाळ्याची जमीन जांभ्याची, लालच आहे. मातीवर पडलेली सावली खरी राहते आणि क्रोमा फक्त मागचा उरतो.

अंगावर काय आहे

इथं आपल्याकडच्या कामाची एक खास अडचण आहे, आणि बाहेरच्या कुठल्या धड्यात ती सापडत नाही. आपल्याकडं मंगल म्हणजे हिरवं. नवरात्रात अंबाबाईचं गाणं करायचं तर हिरवी साडी, हिरवा चुडा, हातात विड्याची पानं. हिरव्या क्रोमावर चुडा गेला की मनगट आणि कोपर यांच्यामधून मागचं देऊळ दिसायला लागतं. चुडा उतरवा असं मी कुणाला सांगत नाही. गाणं त्या चुड्याचं आहे, कापड आपलं आहे. अशा वेळी निळं कापड लावायचं. निळ्याला उजेड जास्त लागतो आणि सेन्सरवर निळ्यात दाणे (चित्रातली खरखर) जास्त येतात, म्हणून दिवे वाढवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवू नका. साडीला मोरपंखी काठ असेल तर तो हिरवा-निळा दोन्हीकडं अडकतो. शूटच्या आदल्या दिवशी साडीचा फोटो मागवून घ्या.

शाहिरांचा फेटा भगवा, अंगरखा पांढरा, हे हिरव्यावर छान सुटतं. फेट्याच्या तुऱ्याकडं मात्र लक्ष द्या. तुऱ्याचं कापड पातळ असतं, त्याच्या पंख्यासारख्या चुण्यांमधून मागचं हिरवं झिरपतं आणि भगव्यात मिसळून मातकट पट्टे पडतात. तुऱ्याला खळ लावून कडक केलं आणि डाव्या दिव्याचा उजेड त्याच्या कडेवर नीट पडेल असं वळवलं की कड स्वच्छ येते. तुणतुण्याची पितळ, कोल्हापुरी साज, नथ, चष्म्याची काच या चकाकत्या वस्तू कापडाचा आरसा होतात. साज थोडा फिरवून बसवला की प्रतिबिंब हटतं. चष्मा कानाजवळ किंचित उचलला की काच खाली झुकते आणि हिरवं निघून जातं. तेल लावलेले केस आणि पैलवानाचं तेलकट अंगही तसंच. तिथं टॉवेल फिरवून तेल टिपा, पावडर थापू नका.

कॅमेरा

पन्हाळ्यावर जो कॅमेरा, जी लेन्स, जी उंची, तीच खोलीत. साडेचार फूट म्हणजे साडेचार फूट, आणि शाहीर नऊ फुटांवर. मोबाईल असेल तर त्याच मोबाईलची तीच लेन्स, आणि झूम करायचा नाही.

मोबाईलवर फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. समोर एवढं हिरवं दिसल्यावर ऑटो व्हाइट बॅलन्स ते भरून काढायला चेहरा गुलाबी करतो, आणि माणूस हलला की पुन्हा बदलतो. ब्यूटी मोड बंद, एचडीआर बंद. शार्पनेस कमी करता येत असेल तर करा, कारण तो केसांभोवती एक खोटी पांढरी रेघ ओढतो आणि ती रेघ क्रोमाला जाता जात नाही.

रिझोल्यूशनबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मोबाईल आणि बरेच कॅमेरे ४:२:० पद्धतीनं रेकॉर्ड करतात. म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकच. १९२० बाय १०८० च्या व्हिडिओत रंग प्रत्यक्षात ९६० बाय ५४० चाच असतो. आपलं तर सगळं काम रंगावर, म्हणून कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या येतात. उपाय सोपा आहे: ४के मध्ये शूट करा आणि शेवटचा व्हिडिओ एचडीत काढा. ४के मध्ये रंगाची माहिती १९२० बाय १०८० ची मिळते, म्हणजे एचडीच्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग. एकही रुपया न घालता क्रोमा सुधारायचा याच्यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती, असेल तेवढा वर ठेवा.

शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं या दोन्हींवर दिवे लुकलुकत नाहीत. शाहीर हात फेकून गातात, डफावर बोटं पडतात, १/५० ला हाताच्या कडा खूप विरतात. मी १/१०० घेतला. प्लेटवरही तोच ठेवला होता.

कॅमेरा हलवायचा मोह पहिल्या कामाला आवरा. हलला तर कापडावर टेपच्या फुल्या चिकटवून, त्यांचा माग काढून प्लेटही तशीच हलवावी लागते. ते शिकण्यासारखं आहे, पण हे हातात बसल्यावर.

शाहीर उभे राहायच्या आधी आणि गेल्यावर, दिवे जसे आहेत तसेच ठेवून, रिकाम्या कापडाची दहा सेकंद घ्या. सॉफ्टवेअरला क्लीन प्लेट म्हणून ती देता येते. कापडावर कुठं किती उजेड होता हे त्यातून त्याला कळतं.

टेबलावर

डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. तिच्या फ्यूजन पानावर डेल्टा कीअर हे हिरवं काढणारं साधन आहे. आधी माणसाभोवती ढोबळ मास्क (ठेवायच्या भागाची सीमा) आखा, म्हणजे स्टँड, काळं कापड, खोलीचे कोपरे हे सगळं त्यातच निघून जातं आणि कीअरला फक्त माणसाजवळच्या हिरव्याचं काम उरतं. मग ड्रॉपरनं केसांच्या जवळचा हिरवा उचला. कोपऱ्यातला नको, केसांच्या कडा त्याच हिरव्याशी मिसळल्या आहेत.

आता रंगीत चित्र बघणं थांबवा आणि मॅट बघा, म्हणजे काय ठेवलं आणि काय काढलं ते दाखवणारं काळं-पांढरं चित्र. माणूस पांढरा, मागचं काळं, कडा राखाडी. चेहऱ्यात किंवा अंगरख्यात राखाडी डाग दिसले तर पांढऱ्याची पातळी थोडी ओढा, मागं धूर दिसला तर काळ्याची. थोडी म्हणजे खरोखर थोडी. दोन्ही बाजूंनी ताणत गेलं की मॅट बघायला स्वच्छ होतो, पण केसांचं राखाडी मरतं आणि डोक्यावर टोपरं घातल्यासारखी कड येते. अंगाच्या आत भोक पडत असेल तर ते आतून वेगळा मास्क देऊन बुजवा, कडांना हात लावू नका. केसांसाठी एक हळुवार आणि अंगासाठी एक कडक, असे हिरवं काढायचे दोन वेगळे हिशेब करून एकत्र जोडले तर सगळ्यात बरं.

डिस्पिलनंतर कातडी कधी कधी निस्तेज होते. कानाची पाळी, हनुवटीखालचा भाग बघा. तिथं किंचित ऊब परत द्या.

आता प्लेट मागं टाका आणि क्षितिज छातीवर आणा. मग रंग जुळवणी. आधी दोन्हीतला सगळ्यात काळा भाग शेजारी ठेवून बघा. दूरच्या दरीत धुरकट हवा असते, तिथला काळा हा खरा काळा नसतो, निळसर राखाडी असतो. ती तशीच राहू दे. पण शाहिरांच्या पायाजवळ जी झुडपं आहेत त्यांचा काळा आणि शाहिरांच्या मिशीचा काळा एका पातळीवर पाहिजे. मग पांढरा: अंगरख्याची उन्हातली बाजू आणि भाच्याचा पांढरा शर्ट यांचे आकडे ड्रॉपरनं ताडून बघा. तो फोटो इथं दुसऱ्यांदा उपयोगाला येतो. प्लेट किंचित धूसर करा, नऊ फुटांवर फोकस असताना दरी जेवढी विरते तेवढीच.

उजेडाकडच्या कडेवर मागच्या आभाळाचा थोडा उजेड चढवा, त्याला लाइट रॅप म्हणतात. तीन-चार ठिपक्यांपुरता. जास्त झाला की माणसाभोवती प्रभावळ दिसते. शेवटी सगळ्यावर मिळून एकच हलका दाणा टाका, म्हणजे खोलीतलं चित्र आणि गडावरचं चित्र एकाच कॅमेऱ्यातून आल्यासारखं बसतं.

हल्ली मोबाईलमध्ये हिरव्या कापडाशिवायही माणूस वेगळा काढणारी एआयची सोय आहे. बातमीपत्र किंवा घाईच्या रीलसाठी ती वापरा. फेट्याचा तुरा, सुटे केस, डफावर थरथरणारी बोटं यांच्यात मात्र ती फ्रेमगणिक मत बदलते आणि कड खदखदत राहते. तीन मिनिटांच्या पोवाड्यात ते सहन होत नाही.

एक्स्पोर्ट करायच्या आधी सगळी फ्रेम आडवी उलटी करून एकदा बघा, डाव्याचं उजवं. सवयीनं न दिसणाऱ्या चुका लगेच दिसतात, उजेडाची बाजू तर हमखास. मग घरातल्या मोठ्या टीव्हीवर एकदा आणि मोबाईलवर ब्राइटनेस पूर्ण वाढवून एकदा. मोबाईलवर कडेचा हिरवा जास्त दिसतो आणि लोक तिथंच बघणार आहेत.

मूळ फुटेज, प्लेट, भाच्याची क्लिप, रिकाम्या कापडाची दहा सेकंदं आणि वहीतल्या पानाचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा. शाहिरांनी पुढचा चौक गायला घेतला की तीच मापं परत लागतात.